राहून गेलेलं घर

पुराचं पाणी ओसरायला लागलं की चर्चच्या दारात सगळ्यात आधी पोहोचतात ते जुने कपडे. पिशव्या, बोचकी, खोकी. दुपारपर्यंत ढीग लागतो आणि मदतीला आलेल्यांपैकी निम्मी माणसं घड्या घालत बसतात. देणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण ज्या घरात गुडघाभर गाळ आहे तिथे कपड्यांचं बोचकं ठेवायलासुद्धा कोरडी जागा नसते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे कपडे ढिगाने पडून राहिले. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं; त्यात नेमकं काय आहे हे लावायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. म्हणून आम्ही आमच्या चर्चच्या मंडळीत एक गोष्ट पाळतो. पहिल्या दिवशी काही गोळा करायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त वही, पेन्सिल आणि पायपीट.

यादी म्हटलं की काहींना ते कारकुनी काम वाटतं, प्रार्थनेच्या मानाने कमी दर्जाचं. पण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्यावहिल्या मंडळीत जी कुरकुर झाली ती यादीवरूनच. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या. कुणी मुद्दाम वगळलं असं तिथे लिहिलेलं नाही. राहून गेल्या, एवढंच. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. वाटणीच्या कामासाठी सात माणसं निवडून घेतली, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची माणसं राहून जात होती, त्यांच्याच हातात वाटणी दिली. आमच्या मते मदतकार्याबद्दल यापेक्षा उपयोगी सल्ला दुसरा नाही. यादी करणाऱ्या जोडीत एक माणूस नेहमी त्या वस्तीतला, आणि शक्यतो बाई, असा नियम आम्ही तिथूनच घेतला.

यादी करताना गल्लीच्या लांबच्या टोकापासून सुरुवात करायची. मदतीचे ट्रक रस्त्यावर थांबतात, त्यामुळे रस्त्याजवळच्या घरांना चारदा मिळतं आणि नाल्याकाठच्या शेवटच्या घरांना एकदाही नाही. घरं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. एका दाराआड तीन भावांच्या तीन चुली असतात. घर म्हणून लिहिलं तर एकाच्या वाट्यात तिघं जेवतात. दारावर खडूने नंबर टाकला तर पुढच्या सरीत धुऊन जातो, म्हणून मेणखडू वापरायचा. वहीत प्रत्येक चुलीपुढे रकाने: एकूण माणसं, दोन वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठीपुढची, अंथरुणाला खिळलेली किंवा अपंग, रोजची औषधं (इन्सुलिन, क्षयरोगाच्या गोळ्या, डायलिसिस), घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी किती चढलं, पोटापाण्याचं कुठलं साधन गेलं, कागदपत्रं काय गेली. एका चुलीला दहा मिनिटं द्यावीच लागतात. औषधांचा रकाना त्याच संध्याकाळी वेगळा काढायचा, कारण इन्सुलिन चुकलेला माणूस धान्याच्या पाकिटाची वाट बघू शकत नाही.

दुसरी यादी वस्तीतल्या पुढाऱ्यांकडून घ्यायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. जी नावं एकीत आहेत आणि दुसरीत नाहीत, तिथे पुन्हा जायचं. बहुतेक वेळा कोण सापडतं ते आता ठरून गेल्यासारखं आहे. भाडेकरू, कारण पुढाऱ्याच्या यादीत घरमालक असतो. मालकाच्या घरी झोपणारे घरगडी आणि मोलकरणी. मुलाच्या घरात राहणारी विधवा, जी 'त्यांच्यात मोजली'. बांधकामावर आलेले परगावचे मजूर. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही पण जिना गाळाने बंद आहे. आणि दुसऱ्या धर्माची कुटुंबं, ज्यांना वाटतं की चर्चची मदत चर्चच्याच लोकांना असणार. ही शेवटची माणसं दार उघडतात, ऐकून घेतात आणि 'आमचं ठीक आहे' म्हणतात. तिथे वस्तीतल्याच ओळखीच्या बाईने दुसऱ्यांदा जायचं.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात साथ आली तेव्हा बिशप सिप्रियनने आपल्या लोकांना, छळ करणाऱ्यांचीसुद्धा शुश्रूषा करा, असं शिकवलं. इसवी सन ३६९ च्या आसपास कॅपाडोशियात (आजच्या तुर्कस्तानात) दुष्काळ पडला तेव्हा बासिल या धर्मगुरूने धान्याची कोठारं उघडायला लावली, आणि पुढे कैसरिया शहराबाहेर गरिबांसाठी आणि आजाऱ्यांसाठी निवासस्थान उभं केलं. ही परंपरा जुनी आहे. रेड क्रॉस आणि मदत संस्थांची १९९४ ची आचारसंहिता नंतर आली, पण तिचं म्हणणं आम्हाला परकं वाटत नाही: मदत गरजेनुसार, आणि कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी तिचा वापर नाही. आमच्याकडे याचा अर्थ अगदी साधा आहे. पाकिटात पत्रक नाही. रांगेत प्रवचन नाही. वाटप सुरू होण्याआधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं नाही. आम्ही स्वयंसेवक आधी, आत, दार लावून प्रार्थना करतो. कुणी स्वतःहून म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर त्याला त्याचा वाटा आधी हातात द्यायचा, मग बाजूला बसून प्रार्थना. हा क्रम उलटा झाला की ती प्रार्थना किंमत वसूल केल्यासारखी होते.

पैशाबद्दलही मूळ बायबलमध्येच आहे. यहूदीयातल्या दुष्काळासाठी अंत्युखियातल्या शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि बर्णबा व शौल (म्हणजेच प्रेषित पौल) यांच्या हाती पाठवली. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काही बाजूला ठेवावं, मी आल्यावर गोळा करत बसायला नको. आपत्तीनंतर काढलेली वर्गणी हाती यायला दोन-तीन आठवडे जातात आणि गरज पहिल्या दिवशी असते. म्हणून वर्षभर थोडं थोडं साठवलेला निधी वेगळ्या खात्यात असला पाहिजे. त्याच पौलाने दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कुणी दोष काढू नये म्हणून आणखी दोन बंधूंना सोबत पाठवलं. पैसे मोजताना दोन माणसं, एकमेकांचे नातलग नसलेली. खात्यावर तीन सह्या, त्यातल्या निदान दोन लागतील अशा. साठ्याच्या वहीत चार रकाने: आलं, गेलं, खराब झालं, शिल्लक. 'खराब झालं' हा रकाना नसेल तर भिजलेल्या दोन पोत्यांचा हिशेब कुणालाच लागत नाही आणि मग संशय गोदाम सांभाळणाऱ्यावर जातो. कितीतरी चांगली माणसं अशा एका न छापलेल्या रकान्यापायी दुखावून काम सोडून जातात.

चर्चचा हॉल निवाऱ्यासाठी उघडायचा असेल तर आधी टेप घेऊन मोजायचा. जगभर मदतकार्यात मानली जाणारी किमान मापं आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, रोज माणशी १५ लिटर पाणी, सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक संडास आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद हॉलमध्ये ५७ माणसं मावतात. दाटीवाटीने दोनशे बसतील, पण तिसऱ्या रात्री खोकला, जुलाब आणि भांडणं सुरू होतात. ५७ माणसांना रोज साडेआठशे लिटरच्या वर पाणी लागतं. टाकी तेवढी आहे का, हे पहिल्या रात्री बघायचं. बायकांचे संडास वेगळे, आतून कडी, वाटेवर दिवा. दिवा नसेल तर बायका रात्री पाणी प्यायचंच सोडतात. हे कुणी तोंडाने सांगत नाही. मुद्दाम, बाईनेच बाईला विचारावं लागतं.

खाण्याच्या पाकिटाचा हिशेब असा. माणशी रोज २,१०० कॅलरी धरल्या तर साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५० ग्रॅम पोषक पीठ, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ. पाच माणसांच्या चुलीला सात दिवसांसाठी १४ किलो धान्य, दोन किलोच्या वर डाळ, पावणेनऊशे ग्रॅम तेल आणि बाकीचं मिळून साडेएकोणीस किलो होतं. एवढं ओझं एकट्या म्हाताऱ्या बाईला उचलत नाही. ती ते तिथेच कुणाला तरी अर्ध्यावर देऊन टाकते आणि उरलेलं नेते. म्हणून दोन पिशव्या करायच्या, आणि अशा घरांना पोचवायला माणूस ठेवायचा. नऊ माणसांच्या चुलीला पाच माणसांचं पाकीट द्यायचं नाही. पाचपर्यंत एक माप, पुढे प्रत्येक माणसामागे भर. भरताना दर विसावं पाकीट काट्यावर ठेवायचं. दुपारनंतर थकलेल्या हातांनी भरलेली पाकिटं हलकी भरतात, हे दर वेळी दिसतं.

एक गोष्ट मात्र पाकिटात कधीही घालायची नाही: तान्ह्यांच्या दुधाची पावडर आणि बाटल्या. देणारे ती हमखास आणतात. पावडर कालवायला स्वच्छ पाणी नसतं, बाटली उकळायला इंधन नसतं, आणि आईचं दूध थोडं मागे पडलं की परत आणणं अवघड जातं. २००६ च्या योग्यकर्ता भूकंपानंतर पाहणी झाली, तेव्हा दान आलेली पावडर मिळालेल्या लहानग्यांत जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळलं. पाजणाऱ्या आईला आडोसा, जास्तीचं अन्न आणि पाणी द्यायचं. आईच नसलेलं बाळ असेल तर ते आरोग्य सेवकाच्या हाती सोपवायचं, पावडरीचा निर्णय त्यांनी घ्यायचा.

वाटपाचा दिवस हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक. एका चुलीला टेबलावर दीड मिनिट लागतं असं धरा: टोकन बघणं, वहीत नाव शोधणं, सही किंवा अंगठा, पिशव्या हातात. म्हणजे एका टेबलावर तासाला ४०. तीनशे चुली आणि तीन टेबलं असतील तर अडीच तास. सगळ्यांना सकाळी नऊला बोलावलं तर शेवटचा माणूस अडीच तास उन्हात उभा राहतो आणि रांग तुटते. म्हणून टोकनवरच वेळ लिहायची, तासाला १२० टोकनं. आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी. पिशवी घेतलेला माणूस रांगेसमोरून परत गेला की मागची रांग पुढे सरकते. दोऱ्या कमरेच्या उंचीवर बांधायच्या. म्हातारे, गरोदर बाया, अपंग यांची रांग वेगळी, सावलीत, बसायला बाकडं. टेबलाशेजारी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं की एका चुलीला काय आणि किती मिळणार. हा फळा फार काम करतो. आपल्याला किती मिळायला हवं हे कळलं की माणूस कमी मिळाल्याचं तिथेच बोलतो, घरी जाऊन मनात ठेवत नाही. तक्रारीसाठी नुसती पेटी ठेवून उपयोग नाही. लिहिता न येणाऱ्यांचं ऐकून लिहून घेणारा एक माणूस तिथे बसलेला हवा, आणि तो वाटप करणाऱ्यांपैकी नको.

टेबलावर बसणाऱ्याने वर बघून नाव घ्यायचं. वहीकडे बघत 'पुढचा' म्हणायचं नाही. पिशवी दोन्ही हातांनी द्यायची. फोटो काढायचा नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलं, आणि इथे तर समोरच्याच्या शरमेचाही प्रश्न आहे. काल स्वतः दुसऱ्याला देणारा माणूस आज रांगेत उभा असतो. देणगीदारांना दाखवायला साठ्याच्या थप्पीचा आणि नावं झाकलेल्या वहीच्या पानाचा फोटो पुरतो.

वाटप संपल्यावर परत आलेली टोकनं मोजायची. तीनशे दिली आणि २८६ परत आली, तर चौदा चुली आल्या नाहीत. साठा उरला म्हणून समाधान मानायचं नाही. त्याच संध्याकाळी त्या चौदा दारांवर जायचं. कुणी आजारी असतो, कुणी कामावर गेलेला असतो कारण एक दिवसाची मजुरी पाकिटापेक्षा मोठी असते, कुणाला यायला लाज वाटलेली असते.

पाण्याच्या बाबतीत नुसता चांगला हेतू पुरत नाही, मापच लागतं. ब्लीचिंग पावडर सरळ टाकीत ओतणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पावडरीत क्लोरीन किती उरलंय ते तिच्या वयावर असतं. ताज्यात ३० ते ३५ टक्के, उघड्या पोत्यात दर आठवड्याला कमी. म्हणून आधी एक टक्क्याचं द्रावण करायचं: ३३ टक्क्यांची पावडर असेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नाही. साका खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी गडद बाटलीत भरायचं. हातमोजे घालायचे, उघड्या हवेत करायचं, आणि संडास धुण्याच्या ॲसिडाजवळ ती पावडर ठेवायचीही नाही.

मग टाकीतल्याच पाण्याच्या २० लिटरच्या चार बादल्या ओळीने मांडायच्या. सुई काढलेल्या सिरिंजने पहिलीत एक मिलिलिटर द्रावण, दुसरीत दीड, तिसरीत दोन, चौथीत अडीच. ढवळून झाकण. अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास कुणाला धीर धरवत नाही आणि तिथेच चूक होते, कारण घाण मारण्यात क्लोरीन खर्च व्हायला तेवढा वेळ लागतो. अर्ध्या तासाने प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी तपासणीच्या नळीत घ्यायचं, क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकायची. पाणी गुलाबी होतं. पहिल्या बादलीचं बहुधा पांढरंच राहतं, दुसरीचं जेमतेम, तिसरीचं फिकट गुलाबी. रंग पट्टीशी उजेडात ताडून बघायचा. जिथे लिटरला ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलंय ती बादली आपली. ती दोन मिलिलिटरची निघाली तर हजार लिटरच्या टाकीला शंभर मिलिलिटर. चौथी बादलीही पांढरी राहिली तर मापं वाढवून पुन्हा मांडायचं.

पाणी गढूळ असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो, क्लोरीन मातीतच खपतं. आधी तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी कापडातून गाळून घ्यायचं. आणि तपासणी टाकीवर करून थांबायचं नाही. घरातल्या घागरीतलं पाणी तपासायचं. तिथे निदान ०.२ हवं. टाकीवर बरोबर आणि घागरीत शून्य आलं तर दोष घागरीचा किंवा पाणी काढायच्या पेल्याचा असतो. पाण्याला वास येतो म्हणून लोक ते ओतून देतात आणि विहिरीवर जातात, हेही होतंच. कारण समजावून सांगितलं आणि पाणी तासभर उघड्या तोंडाच्या स्वच्छ भांड्यात राहू दिलं की वास कमी होतो. जुलाब सुरू झालेल्या घरात जलसंजीवनीची पाकिटं पोचवायची. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच.

घरं साफ करताना गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की कुदळ लागते. वीज बंद असल्याची खात्री वीजवाल्याकडूनच करून घ्यायची. गमबूट आणि हातमोजे घालायचे, पायाला जखम असलेल्याने त्या पाण्यात उतरायचंच नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. तळघर असेल तर पाणी एका दिवसात उपसायचं नाही. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते, आतला दाब एकदम काढला की भिंत आत येते. रोज साधारण एक तृतीयांश. पण फावडं लावण्याआधी पाण्याच्या खुणेपाशी मोजपट्टी धरून प्रत्येक खोलीचा फोटो घ्यायचा. स्वयंसेवकांच्या उत्साहात भिंती चकाचक होतात आणि नुकसानभरपाईचा पुरावा धुऊन जातो. भाडेकरूंच्या सामानाचे फोटो वेगळे, कारण भरपाई बहुधा भिंतींच्या मालकाला मिळते आणि भिजलेला संसार भाडेकरूचा असतो. भिजलेली कागदपत्रं एकमेकांपासून ओढून सोडवायची नाहीत, शाई दुसऱ्या पानावर जाते. गठ्ठा तसाच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून गाळ काढायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शक्य तर फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि सवडीने सुटा करायचा. फ्रीझर नसेल तर सावलीत, पानांमध्ये टिपकागद घालून.

मृतांबद्दल एक भीती सगळीकडे पसरते, की प्रेतांमुळे साथ येते. अपघाताने वा बुडून गेलेल्यांच्या देहातून साथी पसरत नाहीत. साथ जिवंत माणसांच्या घाणीतून आणि पाण्यातून येते. म्हणून घाईने सामूहिक खड्ड्यात पुरू नये. प्रत्येक देहाला नंबर, चेहऱ्याचा आणि कपड्यांचा फोटो, अंगावरच्या वस्तू त्याच नंबराच्या पिशवीत. अंत्यविधी ज्याच्या त्याच्या धर्माने.

आणि बोलण्याबद्दल. बायबलमध्ये, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडून त्याच्या दुःखाचं कारण शोधायला लागले तिथे बिघडलं. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, असं येशूने स्पष्ट सांगितलं. तरी पुरानंतर कुणीतरी 'ही देवाची शिक्षा' म्हणतोच, आणि कुणी 'त्यात देवाची काहीतरी योजना असेल' म्हणतो. आम्ही स्वयंसेवकांना दोन्ही वाक्यं बोलायला मनाई करतो. काय झालं ते खोदून विचारायचं नाही. सांगत असेल तर ऐकायचं, मधे आपली कहाणी घालायची नाही, आणि उठण्याआधी एक ठोस गोष्ट विचारायची: आज रात्री कुठे झोपणार? याकोबाने आपल्या पत्रात 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून रिकाम्या हाताने बोळवण करणाऱ्यांना झापलं आहे. ते वाक्य मदतीच्या कामात रोज आठवावं लागतं.

तीन आठवड्यांनी ट्रक थांबतात, बातम्या थांबतात, आणि आमच्या दृष्टीने खरं काम तेव्हा सुरू होतं. पूर सगळ्यांच्या घरात शिरतो पण सगळ्यांना सारखा पडत नाही. नाल्याकाठी राहणारे तिथे राहतात कारण तिथलं भाडं कमी असतं. पाण्याने त्यांचं जे नेलं त्यापेक्षा पुढच्या दोन महिन्यांतलं व्याज जास्त नेतं. घर चालवायला शिवणयंत्र, हातगाडी, जाळी, गवंड्याची हत्यारं गहाण पडतात, आणि एकदा हत्यार गेलं की मजुरी निम्म्यावर येते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते माणसाचं जीवनच गहाण घेणं होतं. वहीतला 'पोटापाण्याचं साधन' हा रकाना आता उघडायचा. काय बुडालं आणि काय गहाण आहे हे वेगळं लिहायचं. गहाण असलेलं सोडवणं नवं घेऊन देण्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं, आणि हाताला सवय झालेलं यंत्र परत मिळतं.

या टप्प्यावर वस्तूंपेक्षा पैसे द्यावेत असं आमचं मत आहे, पण आधी तीन दुकानदारांकडे जाऊन बघायचं: बाजार उघडा आहे का, माल पुरेसा आहे का, भाव पुरापूर्वीच्या जवळपास आहे का. भाव चढलेला असताना पैसे वाटले तर तो आणखी चढतो आणि ज्यांना मिळाले नाहीत ते भरडले जातात; तेव्हा वस्तूच बऱ्या. पैसे कुणाच्या हातात द्यायचे हे घरातल्या बाईला एकटीला विचारून ठरवायचं. पावतीवर उसनवार, परतफेड असे शब्द येऊ द्यायचे नाहीत. दान असेल तर दान. मंडळीचा देणेकरी झालेला माणूस उपासनेला यायचं बंद करतो.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात शोमरोन्याने वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला तेल, द्राक्षारस, पट्टी, स्वतःचं जनावर आणि दोन दीनार दिले ते सगळ्यांना आठवतं. त्याने खाणावळवाल्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती: जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन. आम्ही तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तीच जुनी वही घेऊन तीच गल्ली फिरतो, पुन्हा लांबच्या टोकापासून. प्रत्येक चुलीपुढे चारच प्रश्न: छत झालं का, साधन परत आलं का, कर्ज किती उरलं, मुलं शाळेत परत गेली का. दाराला कुलूप दिसलं तर शेजारी विचारायचं. बहुतेकदा भाडेकरूच गेलेले असतात, दुरुस्तीनंतर मालकाने भाडं वाढवलेलं असतं. नवा पत्ता मिळाला तर तिथे जायचं. नाही मिळाला तर नाव खोडायचं नाही, लाल शाईने गोल करून ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं.